'कन्व्हर्ज' : एकही हिट गाणं नसताना तीन दशकं टिकलेला अमेरिकन हार्डकोर बँड

संगीताच्या धंद्याचा साधा हिशेब असा, की गाणं गाजलं तर बँड चालतो. नाही गाजलं, तर चार-पाच वर्षांत पोरं आपापल्या नोकरीधंद्याला लागतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या 'कन्व्हर्ज' या बँडने हा हिशेब खोटा ठरवला. १९९० मध्ये शाळकरी वयाच्या पोरांनी हा बँड सुरू केला. रेडिओवर दिवसभर वाजेल असं गाणं त्यांनी कधी केलं नाही. गायक इतका जीव तोडून ओरडतो, की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही पहिल्या ऐकण्यात शब्द कळत नाहीत. तरीही मेटलकोर या प्रकाराचा विषय निघाला, की या बँडचं नाव पहिल्या दोन-चारांत येतंच. हे कसं जमलं, ते या लेखात बघू.

आधी हार्डकोर आणि मेटलकोर म्हणजे काय?

सत्तरच्या दशकात पंक संगीत आलं. ऐंशीच्या सुमारास काही अमेरिकन पोरांनी ते आणखी जलद, आणखी आखूड आणि आणखी रागीट केलं. त्याला हार्डकोर पंक म्हणतात. कॅलिफोर्नियाचा 'ब्लॅक फ्लॅग', वॉशिंग्टनचा 'मायनर थ्रेट', बॉस्टनचा 'एसएस डिकंट्रोल' हे त्यातले सुरुवातीचे बँड. गाणं बऱ्याचदा एक-दोन मिनिटांत संपतं.

मोठ्या कंपन्या असलं संगीत छापणार नव्हत्याच. मग पोरांनी स्वतःच रेकॉर्ड कंपन्या काढल्या. ब्लॅक फ्लॅगच्या गिटारवादकाची 'एसएसटी', मायनर थ्रेटवाल्यांची 'डिस्कॉर्ड'. कार्यक्रम व्हायचे ते छोट्या सभागृहांत, चर्चच्या हॉलमध्ये, कुणाच्या तळघरात. आपल्याकडची हौशी नाट्यमंडळं जशी पदरमोड करून प्रयोग लावतात, तसाच हा प्रकार. तिकीट फाडणारा, स्पीकर उचलणारा आणि गाणारा बऱ्याचदा एकच.

पुढे या हार्डकोरमध्ये हेवी मेटलची जड गिटार मिसळली, तिला मेटलकोर म्हणू लागले. यात 'ब्रेकडाउन' नावाची एक जागा असते. जोरात धावणारं गाणं अचानक संथ आणि वजनदार होतं आणि समोरची पोरं एकमेकांना धडका देत नाचायला लागतात. बाहेरून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते. पण कुणी खाली पडला तर आजूबाजूच्यांनी त्याला आधी उचलायचं, हा तिथला अलिखित नियम आहे.

सेलममधली सुरुवात

१६९२ मध्ये चेटकिणी ठरवून निरपराध माणसांना जिथे फासावर दिलं, ते सेलम हेच कन्व्हर्जचं गाव. गायक जेकब बॅनन आणि गिटारवादक कर्ट बलू या दोघांनी बँड सुरू केला. हे दोघे सुरुवातीपासून आजवर बँडमध्ये आहेत.

पहिली काही वर्षं शिकण्यातच गेली. १९९४ मध्ये 'हेलो इन अ हेस्टॅक' हा पहिला अल्बम आला, १९९६ मध्ये 'पिटिशनिंग द एम्टी स्काय'. १९९८ मध्ये 'व्हेन फॉरएव्हर कम्स क्रॅशिंग' निघाला तो 'इक्वल व्हिजन' या कंपनीकडून. या कंपनीचा इतिहास आपल्या वाचकांना गंमतीचा वाटेल. रे कापो या हार्डकोर गायकाने ती सुरू केली. हा माणूस कृष्णभक्तीकडे वळला होता आणि 'शेल्टर' या आपल्या बँडची गाणी त्याला लोकांपुढे आणायची होती. इक्वल व्हिजन म्हणजे समदृष्टी. गीतेमुळे हा शब्द आपल्याला नवा नाही. कन्व्हर्जचा स्वतःचा त्या भक्तीशी संबंध नव्हता. पण अमेरिकन हार्डकोरमध्ये कुठकुठले प्रवाह येऊन मिळाले होते, ते यावरून दिसतं.

या काळात बँडवर कुणाचं घर चालत नव्हतं. बलू इंजिनिअरिंग शिकलेला; वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरी करत होता. बॅनन चित्रकार आणि ग्राफिक डिझायनर. नोकरी सांभाळून दौरे करायचे आणि दौऱ्यातून परत आलं की पुन्हा कामावर.

'जेन डो' : ४ सप्टेंबर २००१

अमेरिकेत ओळख न पटलेल्या महिलेची कागदोपत्री नोंद 'जेन डो' या नावाने करतात. आपल्याकडे पोलिसांच्या बातमीत 'अनोळखी महिला' लिहितात, तसंच. कन्व्हर्जच्या सगळ्यात गाजलेल्या अल्बमचं हेच नाव आहे. विषय आहे तुटलेलं नातं. कालपर्यंत जी व्यक्ती सगळ्यात जवळची होती तिचं नावसुद्धा उरू नये, अशी ती वेदना. बॅनन स्वतः त्यातून गेला होता.

बारा गाणी, साधारण पंचेचाळीस मिनिटं. काही गाणी दोन मिनिटांच्या आत संपतात, तर शेवटचं शीर्षकगीत अकरा मिनिटांच्या वर चालतं. सुरुवातीला नुसता गोंगाट वाटतो. तीन-चार वेळा ऐकलं की लक्षात येतं, की यात ड्रमचा प्रत्येक ठोका मोजून मारलेला आहे आणि शेवटचं गाणं म्हणजे रागाचं हळूहळू दुःखात होणारं रूपांतर आहे.

या अल्बमच्या वेळी बासवादक नेट न्यूटन आणि ड्रमर बेन कोलर बँडमध्ये आलेले होते. दोघांचाही कन्व्हर्जबरोबरचा हा पहिला मोठा अल्बम. मात्र याच टप्प्यावर दुसरा गिटारवादक आरन डॅलबेक याला बँड सोडावा लागला. त्याचा 'बेन' नावाचा दुसरा बँडही जोरात चालला होता आणि दोन्हीकडे पुरेसा वेळ देणं शक्य नव्हतं. बॅनन, बलू, न्यूटन आणि कोलर ही चौकडी तेव्हापासून कायम आहे.

अल्बम बाजारात आल्यावर आठवड्याभरातच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. त्या गदारोळात एका छोट्या कंपनीचा हा अल्बम हरवून जायला हरकत नव्हती. पण ब्रिटनच्या 'टेररायझर' मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. पुढे अमेरिकेच्या 'डेसिबल' मासिकाने दशकातल्या सर्वोत्तम मेटल अल्बमांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक 'जेन डो'ला दिला. मुखपृष्ठावरचा स्त्रीचा चेहरा बॅननने केलेला. आज तो चेहरा टी-शर्टांवर, लोकांच्या अंगावरच्या गोंदणांत दिसतो. अल्बम न ऐकलेल्यांनाही तो ओळखू येतो.

दोन वाटा

त्याच राज्यातला 'किलस्विच एंगेज' हा बँडही त्याच काळात वर आला. त्यांनी मेटलकोरमध्ये गुणगुणता येतील असे सुरेल धृपद आणले. लोकांना ते आवडलं आणि ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत बँड पोचला. त्यात वाईट काही नाही. त्यांचंही काम मेहनतीचंच. पण त्यानंतर असे बँड शेकड्यांनी निघाले आणि मेटलकोर म्हणजे हाच साचा, असं होऊन बसलं.

कन्व्हर्जने त्या साच्यात शिरायचं टाळलं. २००४ च्या 'यू फेल मी'पासून ते 'एपिटाफ' या मोठ्या स्वतंत्र कंपनीकडे गेले. ही 'बॅड रिलिजन' या पंक बँडच्या ब्रेट गुरेविट्झची कंपनी. कंपनी मोठी झाली म्हणून गाणी गोड झाली नाहीत. 'यू फेल मी' तर 'जेन डो'पेक्षा कोरडा आणि उघडावाघडा आहे. २००६ चा 'नो हीरोज' आणखी आक्रमक. २००९ च्या 'ॲक्स टू फॉल'मध्ये त्यांनी 'केव्ह इन', 'न्यूरोसिस' अशा बँडांतल्या मित्रांना गायला-वाजवायला बोलावलं. हा अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या शंभरात गेला. २०१२ चा 'ऑल वी लव्ह वी लीव्ह बिहाइंड' मात्र चौघांनीच केला, पाहुणा एकही नाही.

खरी कमाई कुठली?

कॉमर्स शिकलेल्या माणसाला बँडच्या विक्रीच्या आकड्यापेक्षा त्याच्या मालमत्तेकडे बघायची सवय असते. तिथे कन्व्हर्जचं उत्तर सापडतं.

बलूचा सेलममध्ये 'गॉडसिटी' नावाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. कंपनीतली नोकरी सुटल्यावर त्याने स्टुडिओ हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. नॉर्वेच्या 'क्वेलरटाक'चा पहिला अल्बम, 'नेल्स'चा 'अनसायलेंट डेथ', 'कोड ऑरेंज'चे सुरुवातीचे अल्बम अशी कितीतरी कामं त्याच्या हातून झाली. जड असूनही प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येणं, ही त्याची खूण. आज अनेक बँड सेलमला जातात ते तोच आवाज मिळावा म्हणून.

बॅननने २००० मध्ये एका मित्राबरोबर 'डेथविश' ही रेकॉर्ड कंपनी काढली. नाव भयंकर असलं तरी काम साधं : आपल्यासारख्या बँडांचे अल्बम नीट छापायचे आणि विकायचे. कन्व्हर्जच्या सीडी एपिटाफने काढल्या, पण विनाइलच्या तबकड्या डेथविशकडून निघत राहिल्या. मुखपृष्ठं बॅननच्या हातची. म्हणजे चित्र घरचं, रेकॉर्डिंग घरचं, छपाईतला वाटाही घरचा. बाहेर जाणारा खर्च इतका कमी झाला, की अल्बम लाखांनी खपला नाही तरी बँडचं अडत नाही.

न्यूटन आणि कोलर यांचेही दुसरे बँड आहेत. न्यूटन 'डूमरायडर्स' आणि 'ओल्ड मॅन ग्लूम'मध्ये, कोलर 'म्यूटॉइड मॅन'मध्ये. कन्व्हर्जवरच सगळ्यांचं पोट अवलंबून नाही, म्हणून घाईघाईने अल्बम काढायची वेळही येत नाही. २०१२ नंतरचा अल्बम थेट २०१७ मध्ये आला.

या सगळ्याची किंमतही आहे. वर्षानुवर्षं घरापासून लांब राहणं, रात्रीच्या गाडीत झोपणं, जवळच्या माणसांच्या वाट्याला न येणं. 'ऑल वी लव्ह वी लीव्ह बिहाइंड' या नावाचा अर्थच मुळी 'ज्यांच्यावर प्रेम करतो ते सगळे मागे सोडून जातो' असा आहे. बँडने हा खर्च लपवला नाही.

पुढची वाटचाल

२०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग गावी होणाऱ्या 'रोडबर्न' महोत्सवात त्यांनी 'जेन डो' पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत वाजवला. पंधरा वर्षांपूर्वीचं दुःख पुन्हा मंचावर मांडणं सोपं नसतं. ते ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी 'जेन लाइव्ह' नावाने आलं. त्याच महोत्सवात त्यांनी गायिका चेल्सी वुल्फ आणि इतर मित्रांबरोबर 'ब्लड मून' नावाचा संथ गाण्यांचा वेगळा कार्यक्रमही केला.

२०१७ च्या 'द डस्क इन अस'मध्ये बॅनन बाप झालेला आहे. पहिल्याच गाण्यात पोराला हातात घेतल्यावर माणूस कसा बदलतो, हा विषय येतो. ओरडणं तेच, पण आता त्यात जबाबदारीची भीती आहे.

२०२१ मध्ये 'ब्लडमून : वन' आला. चौघांबरोबर चेल्सी वुल्फ, तिचा साथीदार बेन चिझम आणि 'केव्ह इन'चा स्टीफन ब्रॉडस्की. हाच ब्रॉडस्की १९९८ च्या अल्बमवर कन्व्हर्जसाठी बास वाजवून गेला होता. तेवीस वर्षांनी तो परत त्याच घरात आला. कोरोनाच्या काळात बरंचसं काम ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी राहून केलं.

ऐकायचं असेल तर

सवय नसलेल्यांनी थेट 'जेन डो' लावू नये, कानठळ्या बसतील आणि राग येईल. आधी 'ब्लडमून : वन' ऐकावा, त्यात सूर सापडतो. मग 'द डस्क इन अस'. त्यानंतर रात्री निवांत वेळ काढून 'जेन डो', शक्यतो गाण्यांचे शब्द समोर ठेवून. शब्द वाचल्याशिवाय हा बँड अर्धाच कळतो. घरात तरुण पोरगं खोलीचं दार लावून असलं काही ऐकत असेल, तर दारावर थाप मारून आवाज कमी करायला सांगण्याआधी एकदा आत जाऊन, तो काय ऐकतोय एवढं विचारून बघावं.