मेंदूचं चित्र आणि आईवरचा ठपका

मराठीत अशा मुलांसाठी शब्दांची टंचाई कधीच नव्हती. हूड, द्वाड, वांड, घुमा. शब्द मुलाला लावायचा आणि ठपका आईवर ठेवायचा, ही आपली जुनी रीत. राजारामपुरीच्या गल्ल्यांत आता ऑटिझम, एडीएचडी हे शब्द रुळले आहेत. ठपका मात्र हललेला नाही. या विषयावरचं माझं वाचन ठाऊक असलेले पालक मला हटकून विचारतात, ‘मेंदूचा फोटो काढला तर कळेल का?’ या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे.

१९१९ मध्ये अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरायची आणि मग डोक्याचा एक्स-रे घ्यायचा, अशी पद्धत प्रसिद्ध केली. ऱ्होड आयलंडमधल्या ब्रॅडली होम या मुलांच्या मनोरुग्णालयातही ती वापरत. तपासणीनंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन दिलं. डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण काही मुलं वर्गात स्थिर बसून गणितं सोडवू लागली. १९३७ मध्ये ब्रॅडलींनी तीस मुलांवरची निरीक्षणं छापली. आजच्या एडीएचडीच्या औषधोपचाराची सुरुवात इथली. चित्रासाठी मुलांनी वेदना सोसल्या, पण उपयोगी पडलं ते वर्गातल्या वागण्याचं निरीक्षण.

१९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचं वर्णन केलं. त्यात पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख होता. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी त्याचं आरोपपत्रच केलं आणि मुलाच्या अबोलपणाचा दोष आईच्या मायेवर गेला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, मूळ कारण मज्जासंस्थेत असल्याचं मांडलं. मेंदू हा आईच्या बाजूचा साक्षीदार झाला तो तेव्हापासून.

एफएमआरआय आलं १९९० नंतर. मेंदूचा जो भाग काम करतो तिथल्या रक्तातला प्राणवायू बदलतो; हे यंत्र तो बदल टिपतं. भ्यालेले चेहरे दाखवून मुलांच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग तपासला जाऊ लागला. २००८ च्या एका अभ्यासात, वर्तनदोषाबरोबर भावनिक कोरडेपणा असलेल्या मुलांत त्याचा प्रतिसाद कमी आढळला. प्रत्येक गटात मुलं होती बारा. २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात, ऑटिझम असलेली मुलं चेहऱ्यातल्या डोळ्यांकडे जितका वेळ पाहत तितका त्यांचा अमिग्डाला अधिक उत्तेजित होई. नजर चुकवणारं मूल भावनाशून्य नसून कदाचित भावनेने भारावलेलं असेल, हा त्याचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो.

पण ही सारी गटांची सरासरी आहे. एकट्या मुलाचं निदान त्यावरून होत नाही. इस्पितळातला नेहमीचा एमआरआय तर मेंदूची फक्त रचना दाखवतो. फिट्स येत असतील किंवा डॉक्टरांना अन्य शंका असेल तर तो जरूर करावा. ऑटिझम वा एडीएचडी ठरतं ते मुलाला पाहून, पालकांशी आणि शिक्षकांशी बोलून.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्दला मंदबुद्धी मुलांसाठी गृह काढलं तेव्हा असं यंत्र नव्हतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना राज्याने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या, त्या चाचण्यांच्या आधारावर. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही ऑटिझमसाठी मेंदूच्या चित्राची अट नाही.

तरीही पालक फोटो मागतात, कारण त्यांना निदानाइतकीच सुटका हवी असते. सासर, शाळा आणि शेजार यांच्यापुढे ठेवता येईल असा कागद हवा असतो. हजारो रुपये मोजून हाती येणारा अहवाल बहुतेक वेळा ‘नॉर्मल’ असतो, आणि मग ठपका दुप्पट जोराने परततो. तो ठपका कोणत्याही यंत्राने ठेवलेला नाही. आपण ठेवला आहे, काढायचाही आपणच.