तेरा नंबरचं न दिसणारं अक्षर

मंडळी, भंडाऱ्यात ज्यांनी टायपिंगचा क्लास केलाय, त्यांना मशीनचा तो दांडा आठवत असेल. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग दांडा ढकलायचा. कॅरेज मागे जाई आणि कागद एक ओळ वर सरके, दोन्ही एकाच झटक्यात. तारघरातल्या टेलिप्रिंटरला मात्र या दोन कामांसाठी दोन वेगळे संकेत लागत. पुढे आस्की संकेतावलीत त्यांना १३ आणि १० हे क्रमांक मिळाले.

इथून वाटा फुटल्या. मल्टिक्सने ओळ संपवायला फक्त १० ठेवला. युनिक्सने तोच उचलला, मग लिनक्सनेही. सीपी/एमने दोन्ही ठेवले. तिथून ते १९८१ मध्ये डॉसकडे आणि पुढे विंडोजकडे आले.

आता विंडोजवर लिहिलेली बिल्ड स्क्रिप्ट लिनक्सवर चालवा. उत्तर येतं, अशी फाइल नाही. अहो, फाइल तर समोर दिसतेय! पोरं परमिशन बघतात, पाथ बघतात, रात्र जाते. हरवलेली फाइल वेगळीच असते. ही स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची, ते तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. त्या नावाच्या शेपटीला १३ चिकटलेला असतो आणि कर्नल शेपटीसकट नाव शोधतो. सापडणार कसं? संदेश खोटा वाटतो, पण तो अक्षरशः खरा असतो.

'डॉस टू युनिक्स' ही छोटी आज्ञा तो १३ पुसते. पण स्क्रिप्टच्या ओळी १० नेच संपवायच्या, हे गिटच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलं नाही, तर विंडोजवरच्या पुढच्या चेकआउटला तो पुन्हा हजर होऊ शकतो.