दोन हजार ओहम ते दोन हजार रुपये : इअरफोनची भारतीय वाटचाल

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन केले. त्या काळी ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा महागडा रेडिओ नव्हता, त्यांच्यासाठी साधा स्फटिक-संच हा एकच मार्ग होता, आणि स्फटिक-संच म्हणजे डोक्यावर हेडफोन हे ठरलेलेच. या संचाला बॅटरी लागत नसे. एरियलने हवेतून पकडलेली किंचितशी ऊर्जा, तेवढ्याच बळावर हेडफोनमधला लोखंडी पडदा थरथरायचा. म्हणून त्यातील वेटोळ्यांत केसासारख्या तारेचे हजारो फेरे असत आणि संपूर्ण जोडीचा रोध सहसा दोन हजार ओहम किंवा त्याहून अधिक भरे. आजच्या मोबाइलला जोडायच्या इअरफोनचा रोध बहुधा सोळा ते बत्तीस ओहम असतो. मुंबई केंद्राचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा. स्फटिक-संचावर त्याचा आवाज तीसेक मैलांपलीकडे धड पोहोचत नसे. त्यामुळे हेडफोन चांगला की वाईट हा हौसेचा प्रश्न नव्हता. हेडफोन मंद असेल तर रेडिओच मुका होई.

वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरून रेडिओ ऐकणाऱ्यांची संख्या १९३० सालीही देशभरात आठ हजारांच्या आतच राहिली, आणि त्याच वर्षी ती कंपनी बुडाली. तरीही या कथेचे एक टोक भारतीय विज्ञानात घट्ट रुतलेले आहे. स्फटिक-संचातील रेडिओलहरी ओळखणारा गॅलिनाचा खडा वापरून शोधक-यंत्र बनवण्याचे अमेरिकी पेटंट आचार्य जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळाले होते. पेटंट घेण्यात बोस यांना फारसा रस नव्हता. मित्रांच्या आग्रहापोटी अर्ज झाला आणि पुढे त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही. अर्धवाहकाच्या व्यावहारिक उपयोगाच्या इतिहासात मात्र त्या पेटंटचे स्थान पक्के आहे.

हेडफोन या वस्तूचा जन्म त्याआधीचा. १८९१ साली फ्रेंच अभियंता अर्नेस्ट मर्काडिए यांनी कानाच्या छिद्रात बसणाऱ्या दुहेरी टेलिफोनचे पेटंट घेतले. त्याच्या टोकांना रबराचे आवरण होते. कानाला टोचू नये हा एक हेतू, आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये हा दुसरा. आज इअरफोनच्या डब्यात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या टोप्या, म्हणजे इअरटिप, याच कल्पनेच्या वंशज आहेत. डोक्यावर बसणारा दणकट हेडफोन १९१० साली अमेरिकेच्या युटा राज्यातील नॅथनिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात तयार करून नौदलाकडे पाठवला. नौदलाला तो पसंत पडला, पण बाल्डविन यांची एका वेळी दहाच नग बनवण्याची क्षमता होती. या दोन्ही प्रसंगांत संगीताचा संबंध नव्हता. संदेश कळला पाहिजे, एवढीच अपेक्षा होती.

संगीतासाठी योग्य असा बदल बर्लिनमध्ये झाला. युजेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये लोखंडी पडद्याऐवजी हलका पडदा, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे आणि मागे कायम चुंबक अशी रचना हेडफोनमध्ये आणली. आज रस्त्यावर मिळणाऱ्या शंभर रुपयांच्या इअरफोनपासून लाखाच्या हेडफोनपर्यंत बहुतेकांचे अंतरंग मूलतः हेच आहे. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन घराघरांत नेला. भारतात त्या काळी ट्रान्झिस्टरला जोडायचे एका कानाचे लहानसे बोंड हाच सर्वसामान्यांचा इअरफोन होता. क्रिकेटचे समालोचन ऐकण्यास ते पुरेसे, गाण्यास अगदीच अपुरे.

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीस आणला. त्याच्या यशात टेपइतकाच वाटा सोबतच्या पन्नासेक ग्रॅमच्या हेडफोनचा होता. तोवरचे चांगले हेडफोन याच्या कित्येक पट जड असत. ही किमया चुंबकाने साधली. फेराइटचे बोजड चुंबक जाऊन समेरियम-कोबाल्टचे आले आणि १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा यांनी, तर त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी, निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक सिद्ध केले. हा चुंबक शर्टाच्या बटणाहूनही लहान आकारात पुरेसे क्षेत्र देतो. पडद्यासाठी पॉलिएस्टरची अतिपातळ फिल्म तोवर स्वस्त झालीच होती. चांगल्या आवाजाला लागणारे दोन्ही महागडे घटक अशा रीतीने काही रुपयांच्या मोलावर आले. स्वस्त पण चांगला इअरफोन शक्य झाला तो यामुळे, जाहिरातीमुळे नव्हे.

या चुंबकाची दुसरी बाजू अलीकडेच देशाच्या ध्यानात आली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासूनचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. विद्युत वाहनांची चर्चा सर्वाधिक झाली. परंतु इअरफोन आणि स्पीकर जोडणाऱ्या भारतीय कारखान्यांनाही त्याची झळ बसली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा चुंबकांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. कानातल्या बोंडाला खनिजधोरणाशी जोडणारा धागा इतका थेट आहे.

मधल्या काळात भारतीय ग्राहकाची इअरफोनशी खरी ओळख मोबाइलमुळे झाली. २००१ नंतर खासगी एफएम केंद्रे सुरू झाली आणि एफएम असलेल्या मोबाइलमध्ये इअरफोनची तार हीच एरियल ठरली. इअरफोन खोचल्याशिवाय रेडिओ लागत नसे. आपत्तीच्या वेळी मोबाइल जाळे कोलमडले तरी रेडिओ चालतो, या कारणास्तव २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन-उत्पादकांना एफएमची सोय बंद न ठेवण्याची सूचना केली. तोवर तार लावायचे भोकच अनेक फोनांतून नाहीसे झाले होते. २०१६ मध्ये ॲपलने साडेतीन मिलिमीटरचे भोक वगळले, पाठोपाठ इतरांनी तोच कित्ता गिरवला आणि बिनतारी इअरफोनची लाट आली.

मोजक्या पैशांत खरेदी करणाऱ्याचे नुकसान येथे होते, पण ते चटकन दिसत नाही. बिनतारी जोडीच्या किमतीत तीन बॅटऱ्या (दोन कानांच्या, एक डबीची), दोन ब्लूटूथ चिप, मायक्रोफोन आणि बिजागरीची डबी यांचा खर्च येतो. पडदा, चुंबक आणि त्यांची जुळवणी यांच्या वाट्याला उरेल ते येते. शिवाय एवढ्या लहान बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात आणि त्या बदलण्याची सोय बहुधा नसते. तारेच्या इअरफोनमध्ये हा सारा खर्च वाचतो. त्यामुळे हजार-दीड हजारांच्या मर्यादेत निव्वळ आवाजाचा विचार करता तार आजही वरचढ आहे. फोनला भोक नसल्यास टाइप-सी जोडणी असलेला इअरफोन किंवा एक छोटा ॲडॅप्टर पुरतो. ज्याला पळताना वा लोकलच्या गर्दीत तार नकोच आहे, त्याने बिनतारी घेण्यात गैर काही नाही. मात्र तो सोयीची किंमत मोजतो आहे, आवाजाची नव्हे.

गोंगाट दाबणारे तंत्रही आता दोन हजारांच्या आत मिळू लागले आहे. त्याचे श्रेय ज्या बोस यांना जाते ते जगदीशचंद्र नव्हेत. बंगालमधून परागंदा झालेल्या स्वातंत्र्यसैनिकाचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र अमर गोपाळ बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात स्फुरली आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. स्वस्त जोड्यांत या तंत्राचा उपयोग पंख्याची किंवा बसच्या इंजिनाची घरघर कमी होण्यापुरता असतो. माणसांच्या बोलण्यावर त्याची मात्रा फारशी चालत नाही.

किंमत आणि गुणवत्ता यांचा संबंध किती, हा प्रश्न संशोधकांनी गेल्या दशकात प्रयोगाने तपासला. येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन-इअरफोनांची मोजमापे ताडून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : कोणत्या स्वराला किती जोर मिळतो याच्या आलेखाचा विक्रीच्या किमतीशी काहीही सहसंबंध आढळत नाही. त्याआधीपासून हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकारी श्रोत्यांना ब्रँड दिसू न देता चाचण्या घेत होते. बहुसंख्य श्रोत्यांना कोणता तोल आवडतो याची एक रेषा त्यांतून निघाली, आणि ती प्रसिद्ध झाल्यामुळे कोणत्याही लहान कारखान्याला तिच्याबरहुकूम इअरफोन जुळवणे शक्य झाले. मूनड्रॉप या चिनी कंपनीचा ‘चू’ हा २०२२ मधील सुमारे वीस डॉलरचा इअरफोन त्याचे ठळक उदाहरण आहे. आवडीनिवडींच्या त्या प्रयोगांपैकी २०१४ मधील प्रसिद्ध अभ्यासात अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन येथील श्रोते होते. भारतीय कान त्यात नव्हते.

ही उणीव क्षुल्लक नाही, कारण भारतीय वाद्यांचा ध्वनी खरोखर वेगळा आहे आणि ते दाखवून देणारा शास्त्रज्ञ घरचाच आहे. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये काम करत असताना १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह दाखवले, की साध्या ढोलाचे उपस्वर बेसूर विखुरलेले असतात, पण मृदंग-तबल्यावरील शाईमुळे ते मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. लगेच पुढील वर्षी त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीचा अभ्यास केला. तारेच्या ज्या बिंदूला छेडल्यावर एखादा उपस्वर सिद्धांतानुसार उमटायलाच नको, तेथेही तो या घोडीमुळे खणखणीत उमटतो. गवई ज्याला जवारी म्हणतात ती हीच.

दुकानात इअरफोन पारखण्यास याहून चांगले साधन शोधावे लागत नाही. तंबोऱ्याचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. जवारीचे उपस्वर एकामागून एक उलगडत असतील तर मधला आणि वरचा पट्टा ठीक आहे. नुसता ‘झंऽऽ’ असा गिलावा ऐकू येत असेल तर तो पट्टा दबलेला आहे. कानाला टोचत असेल तर फाजील वाढवलेला आहे. मग तबला ऐकावा. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड वर चढताना स्पष्ट कळली पाहिजे. स्वस्त इअरफोनांत खर्ज इतका फुगवलेला असतो की ती मींड केवळ धबधब अशी उमटते आणि गायकाचा आवाज मागच्या खोलीत गेल्यासारखा होतो. या फुगवट्याला शास्त्रीय निमित्त आहे : मंद आवाजात मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले होते. दुकानातल्या अर्ध्या मिनिटात फुगवलेला खर्ज म्हणून भुरळ घालतो. तासाभराने तोच शिणवतो.

खोक्यावरील मजकुराचा मात्र फारसा उपयोग नाही. ‘१४ मिलिमीटर ड्रायव्हर’ हे पडद्याच्या व्यासाचे माप आहे, गुणाचे नव्हे. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा दावा त्या पट्ट्यात किती डेसिबेलची चढउतार आहे हे सांगितल्यावाचून निरर्थक ठरतो. ‘आयपीएक्स४’ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील. पाण्यात बुडवलेले चालणार नाही. बिनतारी जोडीवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण अनिवार्य आहे आणि ती जरूर पाहावी, परंतु ती विजेच्या सुरक्षिततेची हमी देते, सुरेलपणाची नाही. बंद खोक्यातील नामांकित वस्तू पदपथावर निम्म्या किमतीत मिळत असेल, तर ती बहुधा नक्कल असते.

आणि शेवटी कान. सैल बसणाऱ्या इअरफोनमधून खर्ज निसटतो, बाहेरचा कोलाहल आत शिरतो आणि हात आवाज वाढवण्याकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना ८० डेसिबेल आवाज आठवड्यातून ४० तास चालतो. दर तीन डेसिबेल वाढीमागे ती मुदत निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबेलला आठवड्यात चार तासच उरतात. रोजच्या लोकल किंवा मेट्रोच्या प्रवासात हे चार तास बुधवारीच संपू शकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना याच धोक्याविषयी पत्र लिहिले. कानात नीट बसलेली सिलिकॉनची टोपी बाहेरचा गोंगाट वीसएक डेसिबेलने कमी करू शकते. मर्काडिए यांच्या रबराचे हे काम आज फुकट होते, कारण बहुतेक खोक्यांत इअरटिपचे तीन आकार येतात. मधला आधीच बसवलेला असतो. उरलेल्या दोघांची पुडी बरेचदा न फोडताच कचऱ्यात जाते.