प्रॉक्सी साखळी

एका वेब प्रॉक्सी सर्व्हरकडे आलेली विनंती त्याने थेट इंटरनेटवर न नेता दुसऱ्या प्रॉक्सीकडे, आणि गरज पडल्यास त्याने तिसऱ्याकडे सोपवायची, अशी संगणक जाळ्याची मांडणी. वापरणाऱ्याचा ब्राउझर ज्याच्याशी बोलतो तो खालचा किंवा चाइल्ड प्रॉक्सी. तो ज्याच्याकडे विनंती देतो तो वरचा किंवा पॅरेंट. आणि एकाच पातळीवर शेजारी बसलेले, साठवलेली पाने एकमेकांना देणारे प्रॉक्सी म्हणजे सिब्लिंग. ओळख लपवण्यासाठी परदेशातल्या अनोळखी प्रॉक्सींमधून फिरत जाण्यालाही साखळीच म्हणतात, पण तो विषय वेगळा. इथे एखाद्या संस्थेने किंवा कार्यालयाने आपल्याच जाळ्यात उघडपणे बांधलेल्या साखळीची नोंद आहे.

जालना जिल्ह्यात ही मांडणी समजून घ्यावी लागते ती इथल्या जाळ्यांच्या आकारामुळे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून झालेल्या या जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे आठ तालुके आहेत. सरकारी जाळे याच उतरंडीने खाली आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे (एनआयसीचे) निकनेट आधी उपग्रहामार्फत जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोचले. मार्च २००५ मध्ये मंजूर झालेल्या स्वान योजनेने राज्य मुख्यालय, जिल्हा, तालुका अशा पायऱ्या धरल्या आणि दोन पायऱ्यांमध्ये किमान २ एमबीपीएसची लिंक ठरवली. २०११ मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे, म्हणजे आजचे भारतनेट, तालुक्यापासून ग्रामपंचायतीकडे निघाले. शिक्षणसंस्थांचेही तसेच. मत्स्योदरी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांची महाविद्यालये जालना शहरात आहेत तशी अंबडसारख्या तालुक्याच्या गावीही आहेत. मुख्य लिंक, फायरवॉल आणि जाणकार माणूस जालन्यात, आणि लॅब तालुक्याला, अशी स्थिती जिथे असते तिथे तालुक्याच्या प्रॉक्सीने जालन्याच्या प्रॉक्सीकडे बघायचे हा सरळ उपाय ठरतो. साखळी असावी की नसावी, हे मुळात लिंक कोणाच्या ताब्यात आहे आणि नोंद कोणी ठेवायची यावर ठरते. वेग हा त्यातला दुय्यम प्रश्न आहे.

सुरुवातीला मात्र वेग हाच प्रश्न होता. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेच्या वेब सर्व्हरला आरी लुओतोनेन यांनी प्रॉक्सीची जोड दिली आणि १९९४ मध्ये केव्हिन आल्टिस यांच्यासह त्यावर निबंध वाचला. त्यानंतर अमेरिकेतल्या हार्वेस्ट प्रकल्पाने पॅरेंट-सिब्लिंग अशी उतरंड बांधली, आणि त्यातूनच १९९६ मध्ये डुएन वेसल्स यांच्या पुढाकाराने स्क्विड हे मुक्त सॉफ्टवेअर निघाले. एका प्रॉक्सीने शेजाऱ्याला ‘हे पान तुझ्याकडे आहे का’ असे विचारण्याची आयसीपी ही पद्धत १९९७ मध्ये लिखित स्वरूपात आली. भारतात त्या काळी बँडविड्थ किती तोकडी होती हे सांगायला मुंबईचे एक उदाहरण पुरे आहे. जुहूच्या एनसीएसटी संस्थेतून एर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याची परदेशाशी जोडणी झाली तेव्हा लिंक ९.६ केबीपीएसची होती, आणि त्याच लिंकवर देशभरातल्या संस्था अवलंबून होत्या. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले, तरी एकदा आणलेले पान पुन्हा पुन्हा समुद्रापलीकडून आणणे बरीच वर्षे परवडणारे नव्हते.

आज साखळी बांधताना बहुतेक ठिकाणी स्क्विडच वापरतात, आणि अडचणीही बहुधा त्याच त्या येतात. तालुक्याच्या सर्व्हरवर कॅश_पीअर या ओळीत जालन्याच्या प्रॉक्सीचा पत्ता, पॅरेंट हा शब्द आणि ३१२८ हे पोर्ट लिहिले की काम झाले असे वाटते. मग चाचणी घेतली तर एचटीटीपीची साधी पाने उघडतात, पण बँकेचे, विद्यापीठाचे, जीमेलचे पान फिरत राहते आणि शेवटी ‘टाइम आउट’ येते. लिंक खराब आहे, केबल सैल आहे असे म्हणून लोक दिवस घालवतात. दोष लिंकचा नसतो. एचटीटीपीएससाठी ब्राउझर कनेक्ट ही विनंती पाठवतो. तिचे उत्तर साठवता येत नाही, त्यामुळे ती पॅरेंटकडे नेऊन फायदा नाही असे स्क्विड मानतो आणि आपणहून थेट बाहेर जाऊ पाहतो. तालुक्याला थेट बाहेरची वाट फायरवॉलने बंद केलेली असते, म्हणून विनंती तिथेच अडकते. नेव्हर_डायरेक्ट ही ओळ लिहून सगळ्या विनंत्यांना थेट जाण्याची मनाई केली की पाने उघडू लागतात. संस्थेच्या आतल्या संकेतस्थळांसाठी ऑल्वेज_डायरेक्ट वेगळे लिहावे. स्क्विड ते आधी तपासतो, त्यामुळे दोन्ही ओळी एकत्र नांदतात.

पॅरेंट आयसीपी बोलत नसेल तर त्याच कॅश_पीअरच्या ओळीत नो-क्वेरी लिहायला विसरू नये. नाहीतर खालचा प्रॉक्सी न येणाऱ्या उत्तराची वाट पाहतो. नाव शोधण्याचे, म्हणजे डीएनएसचे, कामही साखळीत वर सरकते. बाहेरच्या संकेतस्थळाचा आयपी पत्ता फक्त शेवटच्या प्रॉक्सीला ठाऊक असला तरी चालते, तालुक्याच्या सर्व्हरला बाहेरचा डीएनएस लागत नाही. पण तिथल्या नियमांत आयपी पत्त्यावर आधारलेली डीएसटी प्रकारची एखादी अट राहून गेली असेल, तर स्क्विड प्रत्येक विनंतीला नाव शोधायला जातो, ते सापडत नाही आणि सगळे मंदावते. अशा ठिकाणी अट डोमेनच्या नावावर, डीएसटीडोमेन वापरून, घालावी.

साखळी खरोखर जुळली आहे का याची खात्री स्क्रीनवर उघडलेल्या पानाने होत नाही, ती लॉगमध्ये पाहावी. खालच्या प्रॉक्सीच्या ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे विनंती कुठल्या वाटेने गेली ते लिहिलेले असते. तिथे फर्स्टअप_पॅरेंट आणि त्यापुढे जालन्याच्या सर्व्हरचा पत्ता दिसला की विनंती वर गेली. हायर_डायरेक्ट दिसले की ती साखळीला वळसा घालून गेली, मग पान उघडलेले असले तरीही. सिब्लिंग_हिट आले तर शेजाऱ्याकडचे साठवलेले पान मिळाले.

एक चूक संस्थांमध्ये विशेष आढळते, कारण सर्व्हर बसवण्याची आपली पद्धतच तशी आहे. एक मशीन नीट तयार करायचे, त्याच्या डिस्कची प्रत काढायची आणि तीच प्रत सगळीकडे चढवायची. प्रत्येक प्रॉक्सी विनंतीच्या माथ्यावरील व्हाया या शीर्षकात आपले नाव जोडतो. आलेल्या विनंतीत स्वतःचेच नाव दिसले तर ती फिरून परत आली, म्हणजे लूप झाला, असे तो समजतो. प्रतीमुळे अंबडच्या आणि जालन्याच्या मशीनचे नाव एकच राहिले, की पॅरेंटला सरळ आलेली विनंतीही लूप वाटते. म्हणून प्रत चढवल्याबरोबर व्हिजिबल_होस्टनेम बदलणे हे पहिले काम. खरा लूप होतो तो दोन प्रॉक्सींनी एकमेकांना पॅरेंट मानल्यावर. समान पातळीवर सिब्लिंग हेच नाते ठेवावे.

नेव्हर_डायरेक्टची किंमतही जाणून घ्यावी. जालन्याचा सर्व्हर बंद पडला की त्याच्या आधारावर असलेल्या सगळ्या लॅब बंद. वीज गेली, बॅटरी उतरली, आणि परीक्षेचे ऑनलाइन अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस असला, तर त्याचा फटका विद्यार्थ्याला बसतो. दुसरा पॅरेंट नोंदवून ठेवता येतो. एकाशी जोडणी ओळीने दहा वेळा फसली की स्क्विड त्याला मृत धरून दुसऱ्याकडे वळतो. दोन पॅरेंट एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर ठेवले तर या सोयीला अर्थ उरत नाही. पातळ्याही दोनच असाव्यात. तिसरी पातळी वाढली की बिघाड शोधण्याच्या जागा वाढतात, आणि तालुक्याला तो शोधणारा माणूस बहुतेक वेळा नसतो.

पाने साठवण्याचा मूळ हेतू एचटीटीपीएस सर्वत्र झाल्यापासून बराच मावळला आहे. कनेक्टने उघडलेल्या बोगद्यात दोन्ही प्रॉक्सींना संकेतस्थळाचे नाव कळते, आतला मजकूर कळत नाही. मग साठवणार काय? तरी विंडोजची अद्यतने आणि लिनक्सची पॅकेजे अजून बऱ्याच अंशी साध्या एचटीटीपीवरून येतात, कारण त्यांची खातरजमा डिजिटल सहीने होते. चाळीस संगणकांच्या लॅबला तीच फाइल चाळीसदा उतरवण्यापासून वाचवणे आजही मोलाचे आहे. त्यासाठी स्क्विडची साठवणीची मर्यादा वाढवावी लागते. ती मुळात प्रत्येक फाइलला ४ एमबी एवढीच असते, आणि अद्यतने त्याहून कितीतरी मोठी असतात.

बोगदा फोडून आतला मजकूर वाचण्याची सोय स्क्विडमध्ये आहे. त्यासाठी संस्थेचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकात घालतात. महाविद्यालयाच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर लोक बँकेचे पासवर्ड आणि आधारचे तपशील टाकतात, तिथे हे करू नये. साखळीत त्याचा दुहेरी तोटा आहे. वरच्या प्रॉक्सीने बोगदा फोडला की खालच्याला संकेतस्थळाचे खरे प्रमाणपत्र दिसतच नाही, त्यामुळे खोटे संकेतस्थळ ओळखण्याची त्याची ताकद जाते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यानंतर संमतीशिवाय असे वाचन करणाऱ्या संस्थेने स्वतःची बाजू कशी मांडायची, याचाही विचार करावा.

नोंदींबाबत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस भारतात जपायचे, आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. साखळीत याचे महत्त्व वाढते. वरच्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये सगळ्या विनंत्या तालुक्याच्या एकाच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. कोणत्या संगणकावरून काय गेले हे खालच्या लॉगशी वेळ जुळवूनच कळते, आणि दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तर भलत्याच विद्यार्थ्यावर बोट रोखले जाते. आतला पत्ता वर कळवण्यासाठी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे शीर्षक आहे. ते खालच्याने जोडावे आणि इंटरनेटकडे जाणाऱ्या शेवटच्या प्रॉक्सीने काढून टाकावे.

महाविद्यालयांना नकळत साखळीत घेणारा आणखी एक प्रॉक्सी म्हणजे ग्रंथालयाचा. जिल्ह्यातली महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहेत. अशा महाविद्यालयांना नियतकालिके आणि ई-पुस्तके मिळावीत म्हणून २०१० मध्ये एन-लिस्ट ही योजना सुरू झाली. तिच्यात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रातले सर्व्हर वापरणाऱ्याची ओळख पटवतात आणि मग प्रकाशकाचे दार उघडते. ग्रंथालयीन प्रॉक्सी या जातीच्या सर्व्हरमुळे प्रकाशकाला वाचकाऐवजी ग्रंथालयाचा ठरलेला पत्ता दिसतो. असा एखादा प्रॉक्सी ४४३ सोडून दुसऱ्या पोर्टवर सुरक्षित जोडणी मागत असेल, तर स्क्विड मूळच्या नियमांप्रमाणे ती नाकारतो, कारण कनेक्टला ४४३ चीच मुभा असते. विद्यार्थ्याला पासवर्ड चुकला असे वाटते, ग्रंथपालाला सभासदत्व संपले असे वाटते. एसएसएल_पोर्ट्स या यादीत ते पोर्ट घालावे लागते, आणि साखळी असल्यास तालुक्याच्या व जालन्याच्या अशा दोन्ही सर्व्हरांवर.