लेकराचा श्वास मोजा, न्यूमोनिया वेळीच ओळखा

धानोरा : थंडी-पावसात घरोघरी लेकरांना सर्दी-खोकला होतो. बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो. पण खोकल्यासोबत लेकरू भराभर श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. गावात याला 'डब्बा' असेही म्हणतात. यात फुफ्फुसात जंतूंमुळे सूज येते, पाणी-पू भरतो आणि शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. लहान बाळाची तब्येत एक-दोन दिवसांतही बिघडू शकते.

गडचिरोलीतून निघालेला उपाय

चातगावजवळच्या शोधग्राममधील 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1988 च्या सुमारास गडचिरोलीच्या गावांत एक प्रयोग केला. गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाई यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ज्या लेकरांना हे उपचार मिळाले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 100 मागे एकाहून कमी (0.8 टक्के) राहिले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते 13.5 टक्के होते. हा अभ्यास 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

अनेक दाईंना आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर श्वास जलद आहे असे समजायचे.

श्वास कसा मोजायचा?

लेकरू शांत किंवा झोपलेले असावे. रडताना, दूध पिताना मोजू नये. अंगावरचा कपडा वर करून पोट-छाती बघा. एकदा वर जाऊन खाली आली, की एक श्वास. मोबाईलवर पूर्ण 60 सेकंद लावा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास कमी-जास्त होत असतो.

जलद श्वास म्हणजे एका मिनिटात :
- 2 महिन्यांच्या आत : 60 किंवा जास्त (पुन्हा एकदा मोजून खात्री करा)
- 2 महिने ते 1 वर्षाच्या आत : 50 किंवा जास्त
- 1 ते 5 वर्षे : 40 किंवा जास्त

ताबडतोब दवाखान्यात केव्हा?

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध-पाणी न पिणे, सगळे उलटून टाकणे, झटके, सुस्ती, ओठ निळे पडणे. यातले एक जरी दिसले तरी थांबू नका, 108 ला फोन करा. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाचा फक्त श्वास जलद असला, तरी रुग्णालयातच न्यावे. वाटेत बाळ ऊबदार ठेवा, पीत असेल तर अंगावर पाजत राहा.

तपासणी आणि उपचार

दवाखान्यात बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली असेल तर ऑक्सिजन द्यावा लागतो. स्टेथोस्कोपने छाती ऐकतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. पण एक्स-रेसाठी उपचार थांबवायचे नसतात. एएनएम, जीएनएमच्या विद्यार्थिनींनीही हे लक्षात ठेवावे : यंत्र नसले तरी घड्याळ आणि डोळे पुरेसे आहेत.

2 महिन्यांपुढच्या लेकराला साधा न्यूमोनिया असेल, तर वजनाप्रमाणे अमॉक्सिसिलिन देतात. बरे वाटले तरी औषध मध्येच बंद करू नये. दोन दिवसांनी पुन्हा दाखवावे. साध्या सर्दीला मात्र अँटिबायोटिक लागत नाही. पोटाला डागणे, बिब्बा लावणे यांनी न्यूमोनिया बरा होत नाही, उलट जखम होते आणि वेळ जातो.

टाळता येते

पहिले 6 महिने फक्त आईचे दूध द्या. चुलीच्या धुरात बाळाला ठेवू नका. सरकारी लसीकरणात न्यूमोनियाची पीसीव्ही लस मोफत आहे : दीड महिना, साडेतीन महिने आणि 9 महिने. पेंटाव्हॅलंट आणि गोवर-रुबेलाची लसही चुकवू नका. कार्डावर एखादा डोस राहिला असेल, तर आशाताईंना आजच विचारा.