बारा यारांचा मांडव

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली कोलकात्यास झाली. सरकारी निवासात सामान लावून पुरते आठ दिवसही झाले नव्हते, तोच एका रविवारी सकाळी दारावर तीन तरुण उभे राहिले. हातात पावतीपुस्तक होते आणि वरच्या पावतीवर माझे नाव व पाचशे एक हा आकडा आधीच लिहिलेला होता! आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागणारा निदान "किती लिहू?" असे विचारतो. येथे तो प्रश्नच संपलेला होता. थोडी घासाघीस होऊन दोनशे एकावर तडजोड झाली. निघताना त्यांपैकी वयाने मोठा होता तो म्हणाला, "दादा, हिशेब पुढच्या वर्षी स्मरणिकेत छापून येईल, बघून घ्या." मी ते बोलण्याच्या ओघातले वाक्य समजलो. पुढच्या वर्षी स्मरणिका आली, तिच्या शेवटच्या पानांत जमाखर्च होता, आणि वर्गणीदारांच्या यादीत माझे दोनशे एक रुपयेही होते.

तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे एक कोडेच आहे. पाच दिवसांसाठी बांबू, कापड, माती आणि दिवे यांची एक अवाढव्य कलाकृती उभी करावयाची, ती कोणासही फुकट पाहू द्यावयाची, आणि नंतर मोडून टाकावयाची. जो पैसे देतो तो पाहतो, जो देत नाही तोही पाहतो. मॅन्सर ओल्सन यांनी 1965 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दाखविले होते, की अशा वेळी शहाणा माणूस स्वतःचा खिसा बंद ठेवतो आणि शेजाऱ्याच्या खिशाकडे पाहतो. मग बंगालमध्ये हे दोनशे वर्षांहून अधिक काळ चालले कसे?

आरंभी प्रश्नच नव्हता, कारण खर्च एकटा धनिक करी. प्लासीच्या लढाईनंतर, 1757 साली, शोभाबाजारच्या नवकृष्ण देवांनी आपल्या वाड्यात मांडलेली पूजा प्रसिद्धच आहे. धनी एक, हिशेब त्याचा, आणि प्रतिष्ठाही त्याचीच. सामान्यांनी दारवान आत सोडील तितके पाहावयाचे.

या एकाधिकाराला छेद गेला तो हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाडा या गावी, 1790 च्या सुमारास. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या 'फ्रेंड ऑफ इंडिया' या नियतकालिकाने 1820 साली त्याची हकीकत दिली आहे. काही ब्राह्मणांनी एकत्र येऊन बारा जणांची एक समिती नेमली आणि आसपासच्या गावांतून वर्गणी मागितली. ती पुरेना, म्हणून दूरदूरच्या मुलखात माणसे धाडली. असे सुमारे सात हजार रुपये जमले, आणि जगद्धात्रीची पूजा सात दिवस अशा थाटाने झाली, की शंभर मैलांवरून श्रीमंत मंडळी पाहावयास आली. लक्षात घ्यावे, की हा मान दुर्गेचा नव्हे, जगद्धात्रीचा. दुर्गापूजेने ही रीत मागाहून उचलली. बारा यार, म्हणजे बारा मित्र, यांची ती 'बारोयारी'. मराठी वाचकाला येथे बारभाई आठवल्यावाचून राहणार नाहीत. पुण्यात नाना फडणीस आणि मंडळींचे कारस्थान 1774 चे. त्यांचा बारा आणि गुप्तिपाड्याचा बारा यांत संबंध काही नाही, पण आपल्या भाषेत 'बारभाईंचा कारभार' म्हणजे गोंधळ ठरला, आणि बंगालीत बारा यारांचा कारभार हे उत्सवाचे नाव होऊन बसले.

मराठी संबंधाचा विषय निघालाच आहे, तर एक प्रसंग सांगितला पाहिजे, जरी तो फारसा भूषणावह नाही. गुप्तिपाड्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी, 1742 च्या शरदात, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर कटव्याजवळ दाँईहाट येथे तळ देऊन होते. बंगाली त्यांना भास्कर पंडित म्हणून ओळखतात. त्यांनी तेथे दुर्गापूजा मांडली, आणि तिचा शिधा व सरंजाम त्या भागातील जमीनदारांकडून उभा केला. तलवारीच्या छायेतील ही वर्गणी! पूजा पुरी व्हावयाच्या आतच अलीवर्दीखानाने नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि मराठे निघून गेले. गंगाराम नावाच्या कवीने ही सारी धामधूम 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात नोंदविली आहे. कोलकात्यात एखादा वयस्क बंगाली गृहस्थ 'बर्गी' हा शब्द हसत हसत उच्चारतो, तेव्हा आपणही हसून घ्यावे हे बरे.

सक्ती मात्र बर्ग्यांबरोबर गेली नाही. 1840 सालची बेहाल्याची हकीकत त्या काळच्या वृत्तपत्रांत आलेली आहे. तेथील एका मोठ्या घराण्यातील तरुण रस्त्याने जाणारे बायकांचे मेणे अडवीत, आणि बारोयारीसाठी पैसे दिल्याखेरीज पुढे जाऊ देत नसत. मेण्यातील स्त्री परपुरुषाशी बोलणार नाही, तक्रार करणार नाही, हा त्यांचा हिशेब. मॅजिस्ट्रेट पॅटन साहेबांच्या कानी हे गेले. त्यांनी स्वतः स्त्रीवेष घेतला, मेण्यात बसले, आणि त्याच रस्त्याने निघाले. नेहमीप्रमाणे मेणा अडविला गेला, आणि आतून साक्षात जिल्ह्याचा दंडाधिकारी बाहेर आला! प्रशासनाच्या प्रशिक्षणात आम्हांस कायदा व सुव्यवस्थेची अनेक उदाहरणे शिकविली गेली. हे कोणी सांगितले नाही याची मला आजही खंत आहे.

वर्गणी उकळण्याच्या कलेची दुसरी बाजू कालीप्रसन्न सिंहांनी 1862 च्या सुमारास 'हुतोम प्याँचार नक्शा' मध्ये टिपली. वर्गणी मागणारे एका सिंगी आडनावाच्या बाबूंना कचेरीस निघताना गाठतात आणि 'सापडला, सापडला' असा गलका करतात. देवी कैलासाहून येत असता तिच्या सिंहाचा पाय मोडला, दुसरा सिंह शोधण्याची आज्ञा झाली, आणि आता आपण सापडलात! बाबू हसतात आणि चांगली रक्कम देतात. बेहाल्याची दहशत आणि येथील विनोद ही एकाच समस्येची दोन उत्तरे आहेत. फुकट पाहणाऱ्याला दारात गाठावयाचे, मग भीती घालून किंवा लाजवून. माझ्या पावतीवर आधीच लिहिलेले पाचशे एक या दोहोंच्या मधे कोठेतरी बसत होते.

विसाव्या शतकात या वर्गणीला निराळा अर्थ आला. बारोयारीचे 'सार्वजनीन' झाले. बागबाजारची पूजा 1919 साली सुरू झाली, सिमला व्यायाम समितीची 1926 साली. सुभाषचंद्र बोस 1938-39 च्या सुमारास बागबाजारच्या पूजेचे अध्यक्ष होते, आणि तेथे पूजेबरोबर स्वदेशी वस्तूंचे प्रदर्शनही भरे. लोकमान्यांनी 1893 साली गणेशोत्सवाला जे वळण दिले, त्याच जातीचा हा प्रयोग होता. यातील मर्म असे, की चार आणे देणारा आता निव्वळ देणगीदार राहिला नाही. मांडव त्याचा झाला, आणि मांडवात येण्यास त्याला कोणाच्या दारवानाची परवानगी लागेना. हिशेब मागण्याचा हक्क याच चार आण्यांतून उत्पन्न झाला.

हा मांडव बांधण्याचे अर्थकारणही समजून घेण्याजोगे आहे. बांबू बहुधा डेकोरेटरचा असतो, भाड्याने येतो आणि उत्सव संपताच परत जातो. खर्च आधी होतो, पैसा मागाहून येतो. मधल्या दोन-तीन महिन्यांची तूट भरून कोण काढतो? डेकोरेटर, कुमारटुलीचा मूर्तिकार, दिवेवाला. म्हणजे वर्गणीच्या आधीची पहिली वर्गणी या कारागिरांच्या उधारीची असते, आणि तिची पावती कोणी फाडत नाही.

1985 साली एशियन पेंट्स कंपनीने 'शारद सन्मान' हे पारितोषिक सुरू केले आणि स्पर्धेची दिशा बदलली. हळूहळू 'थीम' आली. 2001 साली बोसपुकुर शीतला मंदिराच्या पूजेत बंदन राहा या कलावंताने चहाच्या मातीच्या कुल्हडांचा मांडव केला आणि तो पाहण्यास सारे शहर लोटले. वास्तविक कुल्हड ही फेकून देण्याची वस्तू. परंतु कल्पना जितकी अचाट, तितके कलावंत, मजूर आणि जागा यांचे गणित वाढत गेले, आणि गल्लीतील दोनशे एक रुपयांना त्यात फारसे स्थान उरले नाही. फलक, कमानी, प्रायोजक यांतून पैसा येऊ लागला. तो पैसाही बेभरवशाचा. 2013 च्या एप्रिलमध्ये शारदा समूह कोसळला, आणि अशा कंपन्यांच्या जाहिरातींवर उभ्या असलेल्या समित्यांची त्या वर्षी त्रेधा उडाली. ठेवीदारांचे नुकसान अर्थातच कितीतरी मोठे होते, आणि त्यांचाच पैसा काही मांडवांवर झगमगत होता, ही गोष्ट मला अजून बोचते.

याच स्पर्धेपायी 2015 साली देशप्रिय पार्कची अवाढव्य दुर्गा पाहण्यास एवढी गर्दी उसळली, की पोलिसांना पंचमीलाच दर्शन बंद करावे लागले.

पुढे सरकार आले. पश्चिम बंगाल शासनाने 2018 साली 28 हजार समित्यांना प्रत्येकी 10 हजार रुपये दिले, म्हणजे 28 कोटी. 2019 साली ही रक्कम 25 हजार झाली, 2020 साली 50 हजार, 2024 साली 85 हजार, आणि 2025 साली एक लाख दहा हजार. आता समित्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर असल्यामुळे गुणाकार वाचकांनीच करावा. समर्थनाचे मुद्दे आहेत, आणि ते पोकळ नाहीत. ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासाने 2019 च्या पूजेभोवतीचे सर्जनशील अर्थकारण 32,377 कोटी रुपयांचे मांडले, आणि डिसेंबर 2021 मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. कारागिराची उधारी वेळेवर फिटत असेल, तर मी या अनुदानास नावे ठेवणार नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. 2020 साली कलकत्ता उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की या पैशाचा तीन चतुर्थांश भाग मुखपट्ट्या व जंतुनाशकांवर खर्च व्हावा आणि त्याची बिले सादर व्हावीत. 2025 साली न्यायालयाने पुन्हा बजावले, की उपयोगिता प्रमाणपत्र न देणाऱ्या समित्यांना अनुदान मिळू नये. मी माझ्या नोकरीत अशी प्रमाणपत्रे हजारोंनी पाहिली आहेत. ती ठरावीक नमुन्यात येतात, सही-शिक्क्यानिशी फाइलला लागतात, आणि लेखापरीक्षणाचा आक्षेप निघेपर्यंत त्यांचे तोंड कोणी पाहत नाही. महाराष्ट्रातही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41 क खाली परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. ती तरतूद चांगलीच आहे. पण वरच्या कचेरीस दिलेला हिशेब आणि गल्लीतल्या दोनशे एक रुपयेवाल्याला दिलेला हिशेब यांत फरक आहे. पहिल्यात चूक झाली तर पत्रव्यवहार होतो. दुसऱ्यात चूक झाली, तर पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

2024 साली, आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर, काही समित्यांनी निषेध म्हणून शासनाचे 85 हजार नाकारले. संख्येने त्या थोड्याच होत्या. परंतु नाकारणे त्यांना परवडले कशामुळे, याचा शोध एखाद्या अभ्यासकाने घ्यावा. माझा तर्क असा, की ज्यांची दारोदारची वर्गणी अद्याप जिवंत होती, त्यांनाच ते अधिक सोपे गेले असावे.

माझ्या जुन्या वस्तीतील एक स्नेही अजूनही मला दर वर्षी तेथील स्मरणिका टपालाने पाठवितात. ती आता गुळगुळीत कागदावर निघते आणि पूर्वीच्या चौपट जाड असते. मागच्या खेपेला मी सवयीने शेवटची पाने उलटून पाहिली. तेथे एका सिमेंटची आणि एका दागिन्यांच्या पेढीची जाहिरात होती. जमाखर्चाचे पान नव्हते. स्नेह्यांना दूरध्वनी करून विचारले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दादा, आता ते विचारतो कोण?" मी त्यांना पाचशे एक रुपये पाठवून दिले आहेत, आणि पावती मागितली आहे.