दंडार, दंडारी आणि रेला : आपल्या मुलखातील नाचाचा थोडका इतिहास

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी तलाव, कुळे, गावे आणि विवाहपद्धती यांवर लेख येतात व ते यावयासही हवेत. तथापि आपला समाज नाचत होता काय, नाचत असल्यास कोण नाचे आणि कोण नाचत नसे, हा प्रश्न कोणी विचारलेला आम्हांस स्मरत नाही. नाच म्हटला की भल्या घरचा माणूस अजूनही किंचित संकोचतो. हा संकोच आपल्या अंगी मूळचा नव्हे. तो मागाहून शिकविला गेला आहे, असे आमचे मत आहे.

चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची रीत ठेविली होती, हे जाणत्यांस ठाऊक आहेच. पाण्याचा ढाळ पाहून पाळ घालण्यात कोहळी कुशल. म्हणून या राज्यात आपल्या पूर्वजांना स्थान मिळाले. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले, राजे गेले. पण धानाची बांधी आणि तिच्यापलीकडचे रान यांचा शेजार तुटला नाही. एका बाजूस आपली दंडार आणि दुसऱ्या बाजूस गोंडांची दंडारी. दोन्ही नावांत दंड, दोघांच्या हाती टिपऱ्या, आणि दोघांचा काळ दिवाळीच्या आगेमागे.

प्रथम दंडार. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. हलके धान घरी आलेले, पाहुण्यांनी घर भरलेले, लेकी माहेरी आलेल्या. अशा रात्री दंडार उभी राहते. ढोलकी कडाडते, टाळझांज साथीस येतात, नाचे समोरासमोर दोन ओळींत टिपऱ्या घेऊन उभे राहतात, आणि गाणे, नाच, सोंग, संवाद यांची सरमिसळ उजाडेपर्यंत चालते. कोहळी, कुणबी, तेली, ढिवर असे निरनिराळ्या जातींचे गडी तीत असत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर दंडारीचाही अभ्यास केला, म्हणून आज तिच्याविषयी अधिकाराने काही बोलता येते.

यातील खरा आनंद कशात होता? वर्षभर दुसऱ्याच्या बांधीत चिखल तुडविणारा सालकरी त्या रात्री राजा होत असे. आपल्या लहानपणी वडीलधारी मंडळी सांगत, की मालगुजाराच्या चालण्याची व सावकाराच्या खाकरण्याची नक्कल दंडारीत हमखास असावयाची, आणि ती पाहावयास मालगुजार स्वतः पुढे बसलेला असावयाचा. मालगुजारी १९५१ मध्ये कायद्याने संपली. पण दंडारीच्या रात्रीपुरती ती त्यापूर्वीही दरवर्षी संपत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तोंडाने जे बोलता येत नसे ते पायांनी व सोंगाने बोलता येई.

मात्र येथे एक गोष्ट झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. दंडारीत राणी होई तो पुरुष, सासुरवाशीण होई तोही पुरुष. आपल्या स्त्रिया मुले मांडीवर घेऊन पाहत बसत. त्यांचे दुःख लुगडे नेसलेला गडी नाचून दाखवी, आणि त्या पदराने डोळे पुसत. मुलींना भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचे दिवस मिळत, ते लग्न होईतो. पुढे हळदीच्या रात्री पुरुषमंडळी मांडवाबाहेर गेली म्हणजे बायकाबायकांत काय फेर धरला जाई तेवढाच. आमच्या आत्या उत्तम फुगडी खेळत, हे आम्हांस त्यांच्या साठीनंतर कळले, तेही दुसऱ्याच कोणा स्त्रीकडून!

आता दंडारीकडे वळू. राजुरा, कोरपना, जिवती या भागांतील व लगतच्या आदिलाबाद मुलखातील राजगोंड दिवाळीपूर्वी दंडारी घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. गुसाडी अंगाला राख फासतात, डोक्यावर मोरपिसांचा भव्य मुकुट घालतात, आणि त्या दिवसांत स्नान करीत नाहीत. गावे एकमेकांस भेटतात, सोयरिकी ठरतात. सरकारी सीमांनी हा मुलूख अनेकदा कापला. राजुरा तालुका निजामाच्या आदिलाबादेतून १९५६ मध्ये नांदेडास व १९५९ मध्ये चांद्यास जोडला गेला. नाचाने या सीमा मानल्या नाहीत. १९४० च्या कुमरम भीमाच्या उठावानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास तेथे पाठविले. मारलवाई गावी राहून त्यांनी अभ्यास केला व १९४८ मध्ये राजगोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच मारलवाईचे गुसाडी नर्तक कनकराजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते निवर्तले. दंडारीतही पोरेच पोरींचा वेष घेतात. या बाबतीत दोन्ही शेजारी सारखेच म्हणावयाचे.

परंतु वैनगंगा ओलांडून धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या रानात शिरले की चित्र पालटते. तेथील रेला नाचात स्त्रिया स्वतः उभ्या असतात. एकमेकींचे हात वा कंबर धरून त्यांची रांग झुलते, एका रांगेने गाणे टाकावे व दुसरीने ते उचलावे, आणि ढोल वाजविणारे त्यांच्या पावलांशी पाऊल जुळवितात. तेथे प्रेक्षक असा कोणी नसतो. पाहणाऱ्याने रांगेत शिरावे, दमला की निघावे. कोणाचे पाऊल चुकले याची नोंद ठेवणारा परीक्षक तेथे नाही. स्वतःला मोकळेपणाने प्रकट करण्याचा आनंद म्हणतात तो आम्हांस येथे दिसतो.

या नाचाचे घर म्हणजे गोटूल. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि तो न वाचताच पुष्कळांनी गोटुलाविषयी भलत्या कल्पना करून घेतल्या. आपल्या जिल्ह्यांतील माडियांचे गोटूल म्हणजे गावाची बैठक, पाहुण्यांचा उतारा आणि नाचाचे अंगण. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील लोकांनी १९८० नंतरच्या दशकात रानातील लाकडाने गोटूल बांधला, तेव्हा वनखात्याने तो मोडून टाकला. यावर आसपासच्या बारा गावांनी गोटूल उभारण्याचा निश्चय केला. ज्या गावाने आपले नाचण्याचे व बसण्याचे घर सोडले नाही, त्याच मेंढ्याला २००९ मध्ये वनावरील सामूहिक हक्क मिळाला. या दोन गोष्टींचा संबंध नाही असे ज्यांस वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

मग संकोच आला कोठून? १८९२-९३ च्या सुमारास मद्रासेकडे नाचविरोधी चळवळ उभी राहिली. तिचा रोख देवदासींच्या नाचावर होता व तिच्या मागे काही खरी कारणे होती. पुढे ज्ञातिसंस्थांचा काळ आला. देशभर अनेक संस्थांनी हुंडा, दारू व लग्नातील उधळपट्टी यांबरोबर नाचतमाशावरही बंदी घातली. मंडल्याकडील गोंडांतील सुधारकांनी स्त्रियांचा करमा नाच बंद पाडावयास घेतला, तेव्हा एल्विन यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. सुधारकांची कळकळ आम्ही नाकारीत नाही. दारू गेली हे उत्तम झाले. पण दारू आणि ढोलकी एकाच गाडीत घालून वेशीबाहेर नेण्याचे कारण नव्हते. वरच्या मानलेल्या जातींसारखे दिसावयाचे, म्हणून आपण हात आखडून घेतले, आणि त्याची झळ प्रथम स्त्रियांना लागली.

पुढे दंडारीची जागा मोठ्या नाटकाने घेतली. वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र झाले; दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग होतात. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा सर्वांस अभिमान आहे. पूर्वी पुरुष करीत त्या भूमिका आता स्त्रिया करतात, हेही उत्तमच. परंतु तिकीट काढून बसलेला गाव नाचत नाही. रेलाही आता शाळांच्या संमेलनात व स्पर्धांत मंचावर येतो, पाच मिनिटांत आटोपतो आणि त्याला क्रमांक मिळतो.

आपल्या वार्षिक मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार व उपवर-वधू परिचय यांनंतर रात्री दोन तास मोकळे असतात. पुढील वर्षी त्या वेळी तलावाच्या पाळीजवळ ढोलकी व टिपऱ्या ठेवाव्यात, मंच घालू नये व क्रमांक देऊ नयेत, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे पाठविली आहे. तिच्यावर निर्णय महिला शाखेने घ्यावा, असेही तीत लिहिले आहे.